दोन्ही कान दिसले पाहिजेत

निरोप समारंभात शाल, नारळ आणि एक प्रश्न अशा तीन गोष्टी मिळतात. नारळाची चटणी होते, शाल दुसऱ्या कुणाच्या तरी निरोप समारंभाला उपयोगी पडते, प्रश्न मात्र अंगाला चिकटतो : ‘मग, आता पुढं काय?’ बँकेतल्या छत्तीस वर्षांत मी या प्रश्नाचं उत्तर घोटून ठेवलं होतं. ‘फलटणला गावी राहणार आणि फोटोग्राफी करणार.’ पहिल्या निम्म्या वाक्याला लोक समाधानानं माना डोलवायचे. उरलेलं निम्मं ऐकल्यावर ‘लग्नाच्या ऑर्डरी घेणार काय?’ म्हणून विचारायचे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मामांच्या आग्फा क्लिक-थ्रीमुळं. बडोद्यात तयार होणारा तो काळा डबा एके काळी पुष्कळ घरांतल्या गोदरेजच्या कपाटात दागिन्यांशेजारी असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. मामा गणपतीत रोल भरायचे आणि तो धुवायला टाकायचे दिवाळीनंतर. मधल्या काळात घरातली सगळी माणसं हिशेबानं हसायची. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लाल खिडकी होती. फोटो काढला की बाजूची चकती फिरवत राहायचं, त्या खिडकीत पुढचा आकडा उगवला की थांबायचं. मी बारा वर्षांचा असताना मामांनी पहिल्यांदा कॅमेरा हातात दिला. मी जबरेश्वराच्या देवळाचा फोटो काढला, आनंदाच्या भरात चकती फिरवायची विसरलो आणि लगेच मामींचा काढला. रोल धुऊन आला तेव्हा मामींच्या पोटातून जबरेश्वराचं शिखर वर आलं होतं. मामी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. हल्ली असा फोटो मुद्दाम काढतात आणि प्रदर्शनात लावतात, हे सांगायला आता मामी नाहीत.

पुढं मुंबई, बँक, लोकल, मुलांच्या फिया. नोकरीत मी कॅमेरा हातात धरला तो मुख्यतः दुसऱ्यांच्या निरोप समारंभांत. ‘एकदा मोकळा झालो की’ या शब्दांनी सुरू होणारी माझी एक यादीच होती. त्यात कोडाक्रोम नावाच्या फिल्मवर फलटणचा पावसाळा टिपायचा, हे वरच्या क्रमांकावर होतं. कोडॅक कंपनीनं २००९ साली ती फिल्म काढायचीच बंद केली. २०१०च्या डिसेंबरात अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या गावी जगातला शेवटचा रोल धुवायला घेतला, आणि तो विषय संपला. मला निवृत्त व्हायला अजून सात वर्षं होती. कंपनी माझ्यासाठी थांबली नाही.

म्हणून मग डिजिटल. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले त्याच आठवड्यात मी कॅमेरा आणि सहाशेची लेन्स घेतली. हिनं खोकं उघडताना शांतपणे विचारलं, ‘‘एवढ्याचं सोनं किती आलं असतं?’’ मी म्हटलं, सोन्यातून पक्षी दिसत नाहीत. ही म्हणाली, ‘‘पक्षी मला चष्म्यातून दिसतात.’’ लेन्सचं वजन दोन किलो आहे. मंडईतून दोन किलो बटाटे आणायचे म्हटलं की मी रिक्षा करतो. तीच लेन्स गळ्यात अडकवून कालव्याच्या भरावावरून मैलभर चालताना मला काही वाटत नाही, हेही हिनंच दाखवून दिलं.

आमचं घर फलटणपासून चार-पाच किलोमीटरवर, नीरा उजव्या कालव्याच्या बाजूला. ऊस, डाळिंब, मधूनच माळ, लांबवर डोंगराची निळी रेघ. पहिल्याच सकाळी तिकाटणं घेऊन बांधावर गेलो. कॅमेरा लावला, उसाच्या तुऱ्यांमागून सूर्य वर यायची वाट बघत उभा राहिलो. पाच मिनिटांत एक धोतरवाले आबा येऊन शेजारी थांबले.

‘‘मोजणी हाय काय, सायब?’’

‘‘नाही, फोटो काढतोय.’’

‘‘कशाचा?’’

‘‘प्रकाशाचा.’’

आबांनी उसाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘‘वरच्या आळीचा परकाश? त्यो तर पुण्याला असतोय.’’

पालखी मार्गाचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून आमच्या भागात तीन पायांवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही वस्तूकडं कुणी कलेच्या दृष्टीनं बघत नाही. तिकाटणं दिसलं की जमीन जाणार, किंवा जमिनीचे पैसे येणार. आबांचा माझ्या म्हणण्यावर विश्वास बसला नाही. सरकारी माणूस खरं सांगत नसतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला हाताला धरून आपल्या विहिरीवर नेलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘‘त्यो नारळ धरा. आंबं दोन धरा. ती बोर बी धरा, बारीक हाय पर फळ धरतीया.’’ सूर्य तोवर कासराभर वर आला होता. मी नारळ, दोन आंबे आणि बोर धरली. फोटोग्राफर म्हणून गावासाठी केलेलं ते माझं पहिलं काम.

शहरात मला वाटायचं, अडचण वेळेची आहे. इथं वेळ पोत्यानं होता आणि फोटो मात्र निघेना. जबरेश्वराचं देऊळ पुन्हा काढून लहानपणचं पाप फेडावं म्हणून मी पंधरा दिवस पहाटे फलटणात गेलो. त्या जुन्या काळ्या दगडातलं कोरीवकाम समोरून उजेड पडला की सपाट दिसतं. ऊन तिरपं लागलं पाहिजे, तेव्हा मूर्ती भिंतीतून बाहेर येतात. असं ऊन वीस मिनिटं टिकतं. नेमक्या त्या वीस मिनिटांत दर्शनाला आलेलं कुणीतरी मोटारसायकल नेमकी माझ्या चौकटीत लावायचं. मी हात जोडून विनंती केली की तो गृहस्थ भाविकपणे गाडी काढायचा आणि स्वतः तिथं उभा राहायचा. ‘‘घ्या. बरा येईल ना?’’ माझ्याकडं जबरेश्वराचे अकरा फोटो आहेत आणि अकरांतही कुणी ना कुणी आहे.

आषाढीच्या वारीत म्हटलं, निदान इथं माणसं हवीच आहेत. लोणंद सोडून माउलींची पालखी तरडगावाकडं निघाली की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. तिथं पहिलं उभं रिंगण होतं. दुतर्फा दिंड्या, मधल्या मोकळ्या वाटेनं अश्व धावतो, त्याच्या टापांखालची माती उचलून लोक कपाळाला लावतात. हे दृश्य मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून पाहिलं होतं. म्हणजे तेव्हा मला उंची होती. आता पहाटेपासून जागा धरून बसलो आणि घोडा येण्याच्या वेळेला उठून बघतो तर माझ्यापुढं फोटोग्राफरांची एक आख्खी दिंडी. पुण्याचे, मुंबईचे, एक तर फ्रान्सचा. वारीत सगळ्यांनाच माउली म्हणतात, त्यामुळं भांडणसुद्धा गोड लागतं. ‘‘माउली, डोकं खाली घ्या.’’ ‘‘माउली, तुमची बॅग माझ्या बरगडीत आहे.’’ ‘‘माउली, अक्कल आहे का?’’ घोडा माझ्यासमोरून गेला तेव्हा मी त्याला डोळ्यांनी पाहिला की भिंगातून, हे अजून सांगता येत नाही. फोटोत एक शेपटी आहे. शेजारच्या वारकरीबाईंनी खाली वाकून चिमूटभर माती उचलली, आधी स्वतःला लावली, मग माझ्या कपाळाला लावली आणि उरलेली कॅमेऱ्याला लावली. ती माती साफ करून घ्यायला मला पुण्याला जावं लागलं.

पक्ष्यांचा नाद मी भिगवणला जाऊन केला. बारामतीवरून पुढं गेलं की उजनीचं पाणी लागतं. हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत तिथं रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या मागोमाग पेन्शनर येतात. दोन्ही जमाती उथळ पाण्याच्या कडेला एका रांगेत, बारीक पायांवर उभ्या असतात. कोळ्यांच्या होड्यांतून आम्ही सात-आठ जण निघालो, प्रत्येकाच्या मांडीवर तोफ. रोहित उडाले. होडीत असा काही कडकडाट झाला, की वाटावं कुणी मिरच्या तळतंय. परतीच्या वाटेवर विचारपूस सुरू झाली. शटर किती, आयएसओ किती, मग हळूहळू शुगर किती. चौदाशे फोटो घेऊन मी घरी आलो. मुलानं फोनवर दोन बघितले आणि म्हणाला, ‘‘बाबा, हेच इंटरनेटवर आहेत की.’’

मग म्हटलं, लांब कशाला जायचं. दादासाहेब फाळके चित्रपटात पडण्याआधी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवत. पुढं बडोद्यात त्यांच्या धंद्याचा जम बसेना, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली होती. (आमच्या मामांचा क्लिक-थ्री पुढं त्याच बडोद्यात तयार व्हावा, हा काळाचा महिमा.) तर या फाळक्यांनी १९१२च्या सुमाराला कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा रोखून रोज थोडी थोडी फिल्म घेत महिनाभर त्याची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात तो हा लघुपट. तो पाहून भांडवल घालणाऱ्याला विश्वास वाटला आणि ‘राजा हरिश्चंद्रा’ला पैसे उभे राहिले. मला भांडवल नको होतं, विश्वास मात्र घरात थोडा हवा होता. मी परसदारी कुंडीत मेथी पेरली. रोज सकाळी सात वाजता, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक फोटो. चौथ्या दिवशी माती फुटली. आठव्या दिवशी दोन पानं. विसाव्या दिवशी कुंडी अशी काही भरून आली की मी स्वतःशीच टाळी दिली. तेविसाव्या दिवशी सात वाजता गेलो तर कुंडीत माती.

‘‘कोवळी होती,’’ ही म्हणाली. ‘‘आणखी दोन दिवसांनी जून झाली असती.’’

तेविसावा फोटो कढईचा आहे. सगळे फोटो जोडून मी ती फिल्म केली. बी, अंकुर, पानं, लसणाची फोडणी. आतापर्यंतच्या माझ्या कामात लोकांना खरोखर आवडलेलं हे एकच. भाकरीबरोबर ती भाजीही चांगली झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

एव्हाना गावात माझी ख्याती पसरली होती. मोजणीवाला म्हणून नव्हे, फुकट फोटो काढणारा म्हणून. कुणाच्या जळालेल्या मोटारीचा फोटो विम्याला, कुणाच्या बांधावरच्या भांडणाचा फोटो वकिलाला, कुणाच्या बारशाचा. एक दिवस एक मेंढपाळ आला. फलटणच्या निंबकर संस्थेनं, जिला सगळे ‘नारी’ म्हणतात, सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या बुटक्या मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्याकडच्या दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ केली. ती त्याच्याकडं होती, नुकतीच व्यायली होती आणि त्याला ती व्हॉट्सॲपवर विकायची होती. अट एकच. मेंढीचं तोंड, कास आणि दोन्ही पिल्लं एका फोटोत आली पाहिजेत.

सोपं वाटलं. मी मेंढीला मावळतीकडं पाठ करून उभं केलं, म्हणजे मागून येणाऱ्या उन्हात लोकरीच्या कडा सोन्यासारख्या उजळतील. स्वतः शेणात पालथा पडलो. पहिलं पिल्लू कासेला लागलं की दुसरं उडी मारून चौकटीबाहेर. दुसरं धरून आणलं की पहिलं त्याच्यामागं. दोन्ही आली की मेंढी तोंड फिरवायची. दीड तासात एकशे चाळीस फोटो झाले, त्यांतला एक असा आला की मी त्याला उठून दाखवायला पळालो. लोकरीभोवती सोनेरी वलय, धुळीत ऊन, बाकी सगळं अंधारात. त्यानं बराच वेळ बघितला. ‘‘चांगलाय,’’ तो म्हणाला, ‘‘पर मेंढी पेटल्यागत दिसतीया. कास कुठाय?’’ मग त्यानं मूठभर मका टाकला. तिघंही एका जागी आले. त्यानं आपल्या फोनवर एक फोटो काढला आणि गेला. मेंढी दुसऱ्या दिवशी विकली गेली.

भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षात, कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या फोटोग्राफरांना रीतभात राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं बडोद्यात त्या बागकाम करत शांतपणे जगल्या, २०११ साली पद्मविभूषणही मिळालं. ज्या वयात त्या शहाण्या बाईनं थांबायचं ठरवलं, त्याच्या पुढं मी सुरू केलं, हे त्या मेंढीच्या संध्याकाळी अंगाचं शेण धुताना मला फार जाणवलं.

तशात शेजारच्या आक्कांचं बोलावणं आलं. आक्का पंच्याऐंशीच्या पुढच्या. मला ‘आरं’ म्हणणाऱ्या गावात आता त्या एकट्याच उरल्यात. म्हणाल्या, ‘‘माझा एक फोटू काढ. हाराचा.’’

हाराचा फोटो म्हणजे आपल्यामागं भिंतीवर लागायचा फोटो. आक्कांच्या मालकांच्या वेळेला घाईत रेशनकार्डावरचा मोठा करावा लागला होता. त्यात ते चिडल्यासारखे दिसतात आणि खांद्यावर निम्मा शिक्का आहे. पंधरा वर्षं आक्का रोज त्या शिक्क्याला कुंकू लावतायत. आपलं तसं व्हायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी मनात म्हटलं, हेच ते. एवढ्यासाठीच तर छत्तीस वर्षं थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोप्यात खिडकीशेजारी बसवलं. डावीकडून मऊ उजेड, उजवी बाजू सावलीत, कपाळावरचं गोंदण, गालावर सुरकुत्यांची नक्षी, नजर दारातून बाहेर कुठंतरी. युरोपातले जुने चित्रकार असा उजेड शोधत आयुष्य घालवायचे. मी तो पुण्याहून चांगल्या कागदावर छापून आणला, चौकट केली आणि कापडात गुंडाळून त्यांच्यापुढं धरला.

आक्कांनी तो हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग पालथा करून मागं काही आहे का ते पाहिलं.

‘‘अर्धं तोंड कुठं गेलं?’’

‘‘ते सावलीत आहे, आक्का.’’

‘‘आरं, मी काय चोरी केली व्हय, अर्धं तोंड काळं केलंस ते? आन् ह्या येवढ्या रेघा कुठनं आणल्या?’’

‘‘त्या तुमच्याच आहेत.’’

‘‘असतील. म्हनून भितीवर कशाला?’’

मग त्यांनी मला फोटो कसा असतो ते शिकवलं. माणसानं सरळ बसायचं, सरळ बघायचं. पदर डोक्यावर, पण दोन्ही कान दिसले पाहिजेत, कारण कानात बुगड्या आहेत आणि त्या कुणाला द्यायच्या ते अजून ठरलेलं नाही. सावली कुठंच नको. आणि हसायचं नाही. हसण्याबद्दल मी हट्ट धरला, कारण आक्का हसल्या की सगळा सोपा उजळतो. त्यांनी मला गप्प केलं. ‘‘लोक रडाय येनार, आन् मी वरनं दात काढत बघू व्हय?’’

अंगणात, भर उन्हात, पाठीमागं चुन्याची भिंत, असा त्यांचा फोटो मी काढला. सहाशेची लेन्स नाही, तिकाटणं नाही. दोन्ही कान, दोन्ही बुगड्या, बारीक झालेले डोळे. आधार कार्डावरही याहून जास्त नाट्य असतं. आक्का खूश झाल्या. चौकट ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्याखाली गेली. पण प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. दर दसऱ्याला त्या तो काढून आरशाशेजारी धरतात आणि आता आपण अशा दिसत नाही म्हणून नवा काढायला लावतात. चार झालेत. यंदा म्हणाल्या, ‘‘पयलाच लावाय सांग. त्यात मी तरणी हाय.’’

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं, नाहीतर पुढची पेन्शन थांबते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करायला लागायची, आता चेहरा फोनला दाखवला तरी चालतं. फोनसमोर बसायचं, तो सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. फोटोतला माणूस आणि मी यांत इतकी वर्षं काढल्यावर हे असं-तसं उरकावं, हे मला पटेना. मी आमच्या सोप्यातली तशीच खिडकी निवडली. डावीकडून मऊ उजेड, उजवी बाजू सावलीत.

चेहरा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.

केला. मान जरा तिरकी करून केला. चष्मा काढून केला. सहा वेळा उघडझाप केली आणि सहाही वेळा मी हयात असल्याचं सिद्ध झालं नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘बँकेत गेला असतात तर आतापर्यंत परत आला असतात.’’ आवाज ऐकून आक्का काठी टेकत आल्या. काय चाललंय ते विचारलं. सांगितलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग खिडकीकडं बघितलं.

‘‘ऊठ,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘भायेर उन्हात बस.’’

चुन्याच्या भिंतीपुढं त्यांच्या बाजेवर बसलो. ‘‘सरळ बघ. मान कशाला वाकडी? टोपी काढ, कान दिसू देत. हसू नगंस.’’ फोन त्यांनीच दोन्ही हातांत धरला, परातीसारखा. ऊन थेट डोळ्यांत येत होतं, त्यामुळं उघडझाप सांगायच्या आधीच झाली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. सरकारदरबारी मी आणखी एक वर्ष जिवंत होतो.

आक्कांनी फोन उलटा करून माझं पडद्यावरचं तोंड नीट पाहिलं. डावा कान, उजवा कान. मान हलवली.

‘‘बेस आलाय. ह्योच मोट्टा करून ठिव.’’